माडीवरची शोकसभा

नाशकातल्या त्या सभागृहाची माडी कोसळणार, असं इंजिनिअर लियाकत शेख तीन वर्षं लिहून देत होते. स्वतःच्या पोरींना ते तिच्या खालूनही जाऊ देत नसत. १९३६ साली ते तापाने गेले, तेव्हा गावातल्या शहाण्यांनी शोकसभा त्याच माडीवर भरवली.

त्यांची बायको हमीदा पोरींना घेऊन रस्त्यापलीकडेच थांबली. अध्यक्ष खाली आले.

"भाभी, वर चला, सगळे खोळंबलेत."

"माडी दुरुस्त केलीत का?"

"आज तरी तो विषय नको हो! साहेबांवरच्या मायेने तीनशे माणसं आलीत."

"मग त्यांना खाली आणा."

अध्यक्षांनी वर जाऊन भाषण ठोकलं.

 

मग दोन मिनिटं शांतता पाळायला तीनशे माणसं एकदम उभी राहिली, आणि हमीदाने पोरींचे डोळे झाकले.