वीजघराचा भोंगा

कालव्याच्या तोंडाशी वीजघर झालं तेव्हापासून गावाला एक सवय लागली होती. पाणी सोडण्याआधी देवळाजवळच्या खांबावरचा भोंगा वाजायचा, आणि तो वाजला की कालव्यात धुणं धुणाऱ्या बायका बादल्या उचलून वर यायच्या. यादोरावची बायको कौतिका तर आधीच घाई करणाऱ्यांना हसायची. "भोंगा तं वाजू दे वो, मंग पयजो," म्हणायची.

२००७ सालच्या एका सोमवारी भोंगा वाजलाच नाही, एकदम पाणीच आलं. कौतिका तीन किलोमीटर खाली झुडपाला अडकलेली सापडली.

तेरवी झाल्यावर यादोराव वीजघरात गेला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता आणि साहेब काडीने दात कोरत होते. समोर ठेवलेल्या चहाला त्याने हात लावला नाही.

"साहेब, भोंगा काऊन नाई वाजवला?"

"बटन दाबलं होतं बाबा. हे पाहा, वेळसुद्धा लिहून ठेवली आहे. गोंदियात वीज कमी पडून राहिली होती, लवकर पाणी सोडा म्हणून वरून फोन आला. आमची काही चूक नाही यात."

"बटन दाबलं, मंग वाजला काऊन नाई?"

साहेबांनी काडी दुसऱ्या दाताकडे वळवली.



"भोंगा तुमच्या गावच्या लाईनवर आहे ना. त्या वेळी तुमच्याकडे लोडशेडिंग होतं."