झोक्याखालची वाळू

बंद पडलेल्या शाळेच्या अंगणात फरशीसारखे बसवायच्या सिमेंटच्या गट्टूंनी भरलेला ट्रॅक्टर शिरला, तशी झुंबरबाई फावडं घेऊन आडवी आली. शाळा चालू होती तेव्हा तिथली खिचडी तीच शिजवायची.

"झोक्याखाली गट्टू? लेकरू पडलं तर डोकं फुटंल त्याचं. तिथं वाळूच पाह्यजे."

सरपंच कल्याण खाली उतरला. "काकू, सगळी लेकरं गाडीत बसून टेंभुर्णीच्या शाळेत जाऊन राह्यली. इथं खेळतंय कोण आता?"

"मंग हे काय?" झोक्याखालच्या वाळूत पायांनी उकरलेला ताजा खड्डा होता. "रोज पडतो. रोज सकाळी मी भरते."

कल्याण खड्ड्याकडं बघत राहिला. "येत असंल एखादं," असं म्हणून त्यानं ट्रॅक्टर माघारी वळवला.

झुंबरबाईनं खड्डा भरला. वाळू खालवर करून मोकळी केली, त्यातली काच वेचून बाजूला टाकली.

दिवस कलला. रस्त्यावर कुणी नाही असं बघून ती झोक्यावर बसली, आणि खड्डा पडेपर्यंत वाळूत पाय घासत राहिली.