टोपलीची राखण

"तो पट्टा बघत नाही. तुझे खांदे बघतो," कुत्र्यांना शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

हे ऐकून मुलीचे खांदे पडले, आणि टोपलीशेजारी बसलेल्या कुत्र्याने तेही पाहिलं. कुत्र्याचं नाव बोका. का, ते ठेवणारीला विचारा, ठेवणारी तीच.

बोका दोन खेळ शिकत होता आणि दोन्हींत चोर एकच: तिचा मामा, अंगभर जाड सूट घातलेला, चालतीबोलती गादी. पहिल्या खेळात गळ्यात पट्टा असायचा. चोर पळाला की मागे सुटायचं आणि बाही पकडायची. दुसऱ्यात पट्टा काढायचा आणि टोपली राखायची. चोराने टोपलीला हात लावला तर पकडायचं, मागे सरला की सोडायचं, पळाला तर खुशाल पळू द्यायचं. पहिला खेळ बोका कोळून प्यायला होता. दुसराही जमायचा. फक्त चोर पळाला की तो आधी तिच्याकडे बघायचा. ती खांदे ताठ करायची आणि तो बसून राहायचा.

"रविवारच्या सामन्याचे दोन्ही खेळांचे फॉर्म भरलेत मी," ती म्हणाली. "सगळ्या वर्गाला सांगून झालंय, मॅडम."

"एकावर सही केली आहे. दुसऱ्यावर करेन, पण तो एकट्याने करून दाखवेल तर. रविवारी तू त्याला दिसणार नाहीयेस. जा, त्या फळीमागे बस. एकदाच बघणार मी."

"आणि खोकायचं नाही," मामा सूटमधून म्हणाला. "बोक्याला इशारा द्यायचा तुझा तो खोकला आता मला पण कळतो."

फळीमागे एक बादली होती, एक मोडकी खुर्ची होती, आणि बरोबर डोळ्यांच्या उंचीवर एक भोक होतं. ती भोकाकडे पाठ करून बसली. स्वतःच्या या त्यागाचं तिला फार कौतुक वाटलं.

आधी खडीवर मामाचे बूट वाजले. मग लाडाचा आवाज आला. "बोक्या, अरे मी रे. सकाळी बिस्किट कोणी दिलं तुला? विसरलास होय?"

मग धप्प. मग मामाचं "आई गं", आणि ते एवढ्या जाड सूटमध्ये खरं असणं शक्य नव्हतं. मग शांतता. म्हणजे मामा मागे सरला आणि बोक्याने सोडलं. असं दोनदा झालं.

मग बूट पळायला लागले.

कुंपणाच्या दिशेने, खड खड खड, आणि वर हा माणूस हसत होता. तिच्या घशात खोकला आपोआप येऊन बसला. एवढासा. बोक्याला तेवढा पुरला असता. तिने वेणीचं टोक तोंडात कोंबलं आणि बुटांच्या मागे चार पाय वाजतात का ते ऐकत राहिली. बूट लांब गेले. थांबले. मामाने शीळ घातली, टाळ्या वाजवल्या, त्या बिचाऱ्या बिस्किटाचं नाव पुन्हा काढलं.

चार पाय वाजले नाहीत.

"ये बाहेर," मॅडम म्हणाल्या.

ती आली. मामा कुंपणाला टेकून धापा टाकत होता. बोका टोपलीला चिकटून उभा होता, मान ताणलेली, नजर मामाच्या हातांवर. ती चार पावलांवर येऊन थांबली. त्याचा एक कान तिच्याकडे वळला. तेवढाच.

मॅडमनी गुडघ्यावर फॉर्म ठेवून सही केली. "मार हाक आता. काम झालं त्याचं."

ती तिथूनच बोक्याकडे बघत राहिली.

"काय झालं गं?"

"थांबा ना, मॅडम," ती हळूच म्हणाली. "एरवी कायम माझ्याकडेच तोंड असतं याचं. बाजूने असा दिसतो होय हा?"