हत्तीचा रेटा

“लेकिशोन, आज पुन्हा गाडी रुतवलीस तर चावी ठेव आणि गुरं राखायला जा,” नैरोबीकर मालकानं सकाळीच दम भरला होता. दुपारी मारा नदीकाठी आमची सफारीची गाडी चिखलात रुतलीच. तेवढ्यात बूड खाजवायला जागा शोधत एक हत्ती आला. खाजवता खाजवता त्यानं गाडीला असा रेटा दिला, की आम्ही थेट कोरड्या जमिनीवर! मी खिडकीतून त्याच्या दिशेनं मनापासून थुंकलो. “मेल्या, त्यानं सोडवलं आणि थुंकतोस?” जर्मन पाहुण्या आजी कडाडल्या. “आजी, आम्ही मासाई आशीर्वाद असाच देतो!” संध्याकाळी गाडीचा चिखल बघून मालकानं चावीसाठी हात पसरला. मी चावी काढणार, तोच आजी पुढे झाल्या. “असा ड्रायव्हर दिलात, उपकार झाले!” म्हणत मालकाच्या पसरलेल्या तळहातावर मनापासून थुंकल्या. हत्तीच्या कृपेनं चावी अजून माझ्याच खिशात आहे.