चार अँपिअर

सिनानने संगणकाची पेटी जमिनीवर आडवी केली, स्क्रू काढले आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही हातांनी अलगद बाहेर ओढलं. दोन पंख्यांचं ते जड कार्ड त्याने मोठ्या हौसेने घेतलं होतं. जुन्या टॉवेलात गुंडाळून त्याने ते कपाटावर ठेवून दिलं.

शेजारच्या खोलीत वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. ते परवाच घरी आलं होतं. सरकारी वीज असली की काही प्रश्न नसे. ती गेली की सगळी भिस्त गल्लीतल्या जनरेटरवर, आणि त्याच्याकडून या घराला मिळायचे चार अँपिअर. जास्तीचे मागितले तर जनरेटरवाल्याकडे द्यायला नव्हते. काल संध्याकाळी जनरेटर चालू असताना सिनानने खेळ सुरू केला, कार्डाचे पंखे भरारले आणि घरात अंधार झाला. मशीन थांबलं आणि कर्कश वाजू लागलं. चार अँपिअरच्या वर गेलं की पडणारं बटण होतं गल्लीच्या तोंडाशी, जनरेटरवाल्याच्या पेटीत. सिनान अनवाणी धावत सुटला. बटण वर करून परत आला तेव्हा वडील, अबू राकान, पलंगाच्या कडेवर ओणवे बसले होते. ओठ जांभळे पडले होते. "आली ना वीज," एवढंच ते म्हणाले.

खेळ सोडून देणं सोपं होतं. पण त्या खेळात राकान होता.

राकान हा थोरला; त्याच्याच नावावरून वडिलांना सगळे अबू राकान, म्हणजे राकानचे वडील, म्हणत. बापाशी भांडून घर सोडून गेला तो इराकमधून थेट स्वीडनला. बापाला फोन करत नसे. सिनानने केला तर "बरा आहे, ठेवतो" म्हणून ठेवून द्यायचा. मात्र शुक्रवारी संध्याकाळी दोघे भाऊ त्या खेळातले ट्रक एकामागोमाग हाकायचे, आणि हात चाकावर असले की राकानची जीभ सुटायची. तिकडची थंडी, दुखरी दाढ, लॉन्ड्रीतला खडूस मुकादम, सगळं तो बोलायचा. जेवताना सिनान ते सहज सांगितल्यासारखं सांगायचा. अबू राकान मान वर करत नसत, पण सांगून होईपर्यंत उठतही नसत.

आज शुक्रवार. सिनान सकाळीच नशवानकडे जाऊन आला होता. नशवान त्याचा शाळासोबती, बाजारात संगणकाचं दुकान चालवणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की कार्ड काढून टाक, प्रोसेसरच्या पोटातच छोटं ग्राफिक्स असतं, पडद्याची वायर मागे बोर्डाला लाव. रॅमची दुसरी पट्टी घाल, म्हणजे जरा पळेल. आणि शोभेचं जे जे असेल ते बंद कर.

"असल्या संगणकावर खेळणाऱ्यांना तू हसायचास," तो म्हणाला. "आता बस त्याच गाढवावर."

सिनानने पट्टी बसवली, पेटी बंद केली, खेळ उघडला. चित्र ढोबळ केलं. सावल्या काढल्या, पाण्यातली प्रतिबिंबं काढली, शेवटी झाडंही काढली. वीज आत्ताही जनरेटरचीच होती. मग कानाला हेडफोन लावून श्वास रोखून बटण दाबलं. पडदा एकदा अडखळला, आणि ट्रक निघाला. डोंगर मळकट दिसत होते, पण गाडी चालत होती. हेडफोन जरा बाजूला करून त्याने कानोसा घेतला. मशीन एका लयीत चाललं होतं. दिवासुद्धा हलला नाही. सिनानचे खांदे सैल पडले.

"उशीर केलास," राकानचा आवाज आला. थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "गाडी अशी धक्के का खातेय रे तुझी?"

कार्ड काढलंय, सिनानने सांगितलं. बिघडलं का, राकानने विचारलं. हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. खरं सांगायचं नाही, अशी घरात ताकीदच होती. राकानचे तिकडे राहायचे कागद अजून झालेले नाहीत, कळलं तर सगळं टाकून धावत येईल, असं अबू राकान यांनी बजावलं होतं. पण सिनानला खोटं जमलं नाही. तो म्हणाला, "विजेला पेलत नाही."

"इतके दिवस पेलत होतं."

मग सिनानने बापाच्या फुप्फुसांचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, कालचं सांगितलं. पुढचा ट्रक हळू झाला आणि रस्त्यातच उभा राहिला. सिनानने आपला त्याच्या मागे थांबवला.

"आत्ता चालू आहे मशीन?"

"चालू आहे."

"आपण खेळतोय तरी?"

"तरी."

दार उघडलं. नाकाला लावलेली लांब नळी मागे सोडत अबू राकान आत आले. सिनानचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

"झाडं कुठे गेली?"

"काढली, बाबा. याला झेपत नाहीत."

"रस्ता आहे ना? मग झालं."

सिनानने हेडफोनची वायर काढली, म्हणजे आवाज खोलीत येईल. आयुष्यभर बसऱ्यापासून झाखोपर्यंत ट्रक चालवलेला तो माणूस उभ्या ट्रककडे बघत राहिला. मग टेबलावरच्या माईककडे वाकून म्हणाला, "गाडी अशी भररस्त्यात उभी करतात का, राकान? मागून कोणी येऊन धडकलं म्हणजे?"

पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग आवाज आला, "काढतो, बाबा."

दोन्ही ट्रक पुन्हा चालू लागले. उघड्या दारातून मशीनची घुरघुर तेवढी येत होती. राकानला ती खुपत असेल असं वाटून सिनानने माईक बंद केला. पडद्यावरचा माईकचा ठिपका पिवळा झाला तशी खाली राकानने लिहिलेली अक्षरं पटकन उमटली.

"सुरू ठेव. मशीन ऐकू येऊ दे."