पाडलेली दोन

साईनाथ कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी जुन्या लढाऊ विमानांचं हुबेहूब रंगकाम करायचा. या खेपेला त्यानं सासऱ्यांचं विमान घेतलं. सासरे भगवानराव पासष्टच्या लढाईत त्या विमानाचे मेकॅनिक. ‘आमच्या विमानानं शत्रूची दोन पाडली’ हे त्यांनी अख्ख्या चामटोली गावाकडून पाठ करून घेतलेलं. नेटवर त्याच विमानाचा लढाईनंतरचा फोटो सापडला, त्यावर मात्र शत्रूचं विमान पाडल्यावर रंगवतात ती खूण एकही नव्हती. साईनाथनं दोन खुणा काढल्या, पुसल्या, पुन्हा काढल्या. शेवटी तशाच ठेवून सासऱ्यांना बोलावलं.

“जावईबापू, हे कोण कोण बघणार?”

“जगभरचे लोक. तेव्हाचे पायलटसुद्धा.”

भगवानराव खुर्चीत चुळबुळले. “मग पुसा त्या खुणा.”

साईनाथनं माउस धरला, तसा त्यांनी त्याचा हात धरला. “थांबा हो! आधी आपल्या गावाला बघून जाऊ दे.”