बाबूलालला फोन लाव

“या नावाचा संपर्क सापडला नाही,” फोन चौथ्यांदा म्हणाला.

बाबूलालने चष्मा कपाळावर सरकवला आणि पुष्पलताच्या फोनातलं सेटिंग पुन्हा उघडलं. नाव तर समोर दिसत होतं. मग नडत होतं कुठे?

हे काम आजच व्हायला हवं होतं. सुट्टी संपली होती, उद्या सकाळी त्याला वाडीच्या गोदामात हजर व्हायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी पुष्पलता, त्याची बायको, न्हाणीत पडली. डोक्याला मार लागला, उजव्या हाताला कंप सुटला. फोन जवळच होता, पण बोटं नंबरावर टिकेनात. दोन तास ती तशीच पडून होती आणि बाबूलाल शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीत, ट्रक खाली करवून घेत होता. तेव्हापासून तो आतून बधिर झाला होता. रडू येत नव्हतं, स्वतःचा रागही येत नव्हता. सक्करदऱ्याच्या त्या दोन भाड्याच्या खोल्यांत तो भात लावायचा, तिला गोळ्या द्यायचा, कपडे वाळत घालायचा.

आता तिने नुसतं तोंडाने सांगावं आणि त्याला फोन लागावा, एवढं त्याला करून ठेवायचं होतं.

दुपारी तो मोबाइलच्या दुकानात जाऊन आला होता. दुकानदाराने फोन अपडेट केला आणि वर बजावलं, “याले आपलं ‘ले’ नाही समजत, काका. ‘बाबूलालला’ म्हणा.” घरी परतला तेव्हा पुष्पलताने दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला, “या जी” म्हणत खुर्ची पुढे केली. थोड्या वेळाने चहा आणला, तोही चक्क कपबशीतून. पडल्यापासून पहिल्यांदाच ती गॅसपाशी गेली होती. निम्मा चहा बशीत सांडला होता, तरी बाबूलालला बरं वाटलं. बाई माणसात येऊ लागली, असं त्याने मनाशी म्हटलं.

मुलाने, अभिजीतने, पुण्याहून जे जे सांगितलं होतं ते त्याने एकेक करून पाहिलं. संपर्कांची परवानगी चालू केली. भाषा मराठी केली. यादीत त्याच्याच नावाचा एक टेम्पोवाला होता, त्याला काढून टाकलं. इंग्रजीत लिहिलेलं आपलं नाव मराठीत लिहिलं आणि म्हणाला, “बाबूलालला फोन लाव.”

त्याच्या खिशातला फोन वाजला.

“जमलं,” तो म्हणाला. “आता तू म्हण वं.”

पुष्पलता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने मान हलवली.

“काहून? काय झालं?”

“ते नाव मी कसं घेऊ जी?”

घोडं पेंड खात होतं ते इथे. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यापुरतं, तेही सासूने चिमटा काढल्यावर. रेशनच्या दुकानात नाव विचारलं, तर ती मुकाट्याने कार्ड पुढे करायची.

“अवं, इथं कोण आहे ऐकाले? फोनच तर आहे.”

“असंल. पण शोभत नाही.”

बाबूलालला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याने आपलं नाव खोडून ‘मालक’ लिहिलं. ती तसं म्हणाली, तर फोन घरमालकाला लागला आणि त्या गृहस्थाने दोन मिनिटं नळाचं पाणी जपून वापरण्याबद्दल ऐकवलं. ‘अहो’ लिहिलं, तर यंत्र “बोला, काय मदत करू?” म्हणून वाट बघत बसलं. ‘अभिजीतचे बाबा’ लिहिलं, तर फोन थेट पुण्याला.

“बोल आई,” अभिजीतचा आवाज आला.

पुष्पलताचा चेहरा उजळला. “काही नाही बाळा. फोन दुरुस्त करून राहिले. लई वेळचे बसले आहेत.”

“बसू दे. तू जेवली ना?”

“जेवली.”

फोन बंद झाला. बाबूलालने डोळे चोळले. उद्या या वेळी ही घरात एकटी असणार. पुन्हा पडली तर? असा विचार येऊनही छातीत काहीच हललं नाही, आणि त्याला त्याचीच भीती वाटली.

त्याने खुर्ची तिच्याकडे ओढली, तशी ती एक पाऊल मागे सरली. आपण चिडलोय असं हिला वाटलं असेल, असं समजून त्याने आवाज मऊ केला.

“हे पाय, मले राग नाही आला. तुह्या तोंडात बसंल असं कोणतंही नाव सांग. राजा म्हण, राघू म्हण. तेच माझं नाव म्हणून तुह्या फोनात लावून देतो. तू नुसतं बोलली का मी आलोच समज.”

पुष्पलताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खाली बघत, अगदी अदबीने म्हणाली, “तुम्ही भले माणूस दिसता जी, पण तुमचं नाव माझ्या फोनात नका लावू. आमचे हे येतीलच आता वाडीवरून, त्याइले नाही आवडणार.”